बुडालेल्या बोयाचा पत्ता

वॉटर स्कीवाले दर वसंतात तळ्यात काय शोधत असतात? एका पाणभिजल्या शोधमोहिमेची चटपटीत जंत्री.

अमेरिकेतल्या मिनेसोटा, विस्कॉन्सिन या राज्यांत आणि वर कॅनडात हिवाळ्यात तळी गोठतात. उन्हाळ्यात याच तळ्यांवर वॉटर स्कीची धमाल असते. स्कीचा मार्ग दाखवणारे बोये पाण्यावर तसेच राहिले, तर बर्फ त्यांना पकडतो, ओढतो, फाडतो. म्हणून थंडी पडायच्या आत वरचे बोये काढून घ्यायचे आणि खालचा दोरखंडांचा सांगाडा तळ्यातच बुडवून ठेवायचा. वसंतात बर्फ वितळला की मंडळी बोट घेऊन हजर! आणि मग तोच वार्षिक प्रश्न: आपण हे सगळं नेमकं बुडवलं कुठे?

इथे खिशातून फोन निघतो, नाहीतर बोटीवरचं जीपीएस सुरू होतं. पुढच्या गमतीत आइन्स्टाइन येतो, मासे येतात, ऑस्ट्रेलिया खंड येतो आणि समुद्रात पडलेला एक हायड्रोजन बॉम्बही येतो.

सोळा सेकंदांत खलास

वॉटर स्कीतल्या स्लॅलम प्रकारात बोटीमागून नागमोडी जायचं असतं. या आखलेल्या मार्गाला खेळाडू कोर्स म्हणतात. त्याची लांबी २५९ मीटर. आत शिरायच्या दारापासून पहिलं वळण २७ मीटरवर, पुढची वळणं एकमेकांपासून ४१ मीटरवर आणि सहाव्या वळणापासून बाहेरचं दार पुन्हा २७ मीटरवर. बेरीज करून बघा, बरोबर जुळते. पुरुषांच्या गटात बोटीचा कमाल वेग ताशी ५८ किलोमीटर. म्हणजे अख्खा कोर्स १६ सेकंदांत संपतो! एका वळणावरून दुसऱ्यावर जायला जेमतेम अडीच सेकंद मिळतात आणि तेवढ्यात एका बाजूच्या बोयाकडून दुसऱ्या बाजूला, आडवं २३ मीटर, पोहोचायचं असतं.

बोये मोजा

वळणाचे ६ बोये: तीन उजवीकडे, तीन डावीकडे. बोटीला मधली वाट दाखवणाऱ्या ६ जोड्या, म्हणजे १२. दोन दारांचे ४. झाले २२. दोन्ही दारांच्या बाहेर ५५ मीटरवर आणखी एकेक जोडी असते, ती धरली की २६. बोटीच्या वाटेची रुंदी फक्त २.३ मीटर, दाराची २.५ मीटर. त्या दारातून स्कीपटू गेला नाही, तर पुढचे सहाही बोये घेतले, म्हणजे बाहेरून वळसा घालून पार केले, तरी गुण शून्य.

दोरी पोहोचत नाही, माणूस पोहोचतो

स्पर्धेत दोरी १८.२५ मीटरपासून सुरू होते. सहाही बोये घेतले की ती आखूड करतात: १६, १४.२५, १३, १२, मग ११.२५ मीटर. आता गंमत बघा. वळणाचा बोया मधल्या रेषेपासून साडेअकरा मीटरवर असतो. म्हणजे ११.२५ मीटरची दोरी बोयापर्यंत पोहोचतच नाही! उरलेलं अंतर स्कीपटू हात ताणून, पाण्यावर जवळजवळ आडवा होऊन भरून काढतो. अमेरिकेच्या नेट स्मिथनं २०१३ मध्ये ९.७५ मीटर दोरीवर अडीच बोये घेऊन जागतिक विक्रम केला. होय, इथे अर्धा बोयाही हिशेबात धरतात आणि पावही. मग बोया जागेवरून हातभर सरकलेला असला तर काय होईल, ते सांगायला नको. मोठ्या स्पर्धांआधी सर्वेक्षणाच्या यंत्रानं एकेका बोयाची मोजणी होते, ती यासाठीच.

आईच्या भांड्यात वाकवलेल्या फळ्या

हा खेळ जन्मला तोही मिनेसोटातच, लेक पेपिन या तळ्यावर. १९२२ च्या उन्हाळ्यात राल्फ सॅम्युएलसन नावाच्या १८ वर्षांच्या पोराला वाटलं, बर्फावर स्की चालतात तर पाण्यावर का नाही? आधी त्यानं पिंपाच्या फळ्या बांधून पाहिल्या, मग बर्फातल्या स्की. दोन्ही वेळा बुडाला. मग त्यानं पाइनच्या रुंद फळ्या आणल्या, त्यांची टोकं आईच्या तांब्याच्या भांड्यात उकळत्या पाण्यात मऊ करून वर वाकवली आणि दोरी म्हणून खिडकीची दोरी वापरली. २ जुलै १९२२ रोजी भावानं बोट चालवली आणि राल्फ पाण्यावर उभा राहिला. पेटंट काढायचं मात्र त्याला सुचलं नाही. ते १९२५ मध्ये फ्रेड वॉलरनं स्वतःच्या स्कींसाठी घेतलं. हाच वॉलर पुढे सिनेरामा या भव्य पडद्याच्या सिनेतंत्राचा जनक म्हणून गाजला. खेळ मोठा झाला, १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये प्रात्यक्षिक म्हणून खेळलाही गेला.

पाण्याखालची बांधणी

वर दिसतो तो रंगीत, हवा भरलेला मऊ बोया. त्याला धडकलं तरी हाड मोडू नये म्हणून तो मऊ. खरी करामत खाली असते. एका पद्धतीत न ताणणारा लांब दोर तळ्यात दोन नांगरांच्या मध्ये ताणून बसवतात आणि त्याला ठरलेल्या अंतरावर नळ्यांचे आडवे हात जोडतात. हातांच्या टोकांना बोये. दुसऱ्या पद्धतीत प्रत्येक बोयाला तळाशी स्वतःचा नांगर असतो. नांगराच्या दोराला पाण्याच्या पृष्ठभागाखाली काही फुटांवर एक फुगीर तरंगता गोळा बांधतात आणि त्याच्यापासून वर रबरी दोरीनं जोडलेला, दिसणारा बोया. हिवाळ्यात फक्त वरचा बोया काढला की काम भागतं. वसंतात शोधायचा असतो तो हा पाण्याखालचा गोळा.

मुद्दाम बुडवणारेही आहेत

बर्फ हे एक कारण. दुसरं कारण माणसं! सार्वजनिक तळ्यावर मासेमारी करणारे, शिडाच्या होड्यावाले, पोहणारे असे सगळेच येतात. त्यांना मधोमध २६ बोये नको असतात. अमेरिकेत अनेक ठिकाणी असे बोये टाकायला परवाना लागतो. यावर स्कीवाल्यांनी काढलेली युक्ती झकास आहे. पाण्याखालच्या गोळ्यांना हवेची नळी जोडायची. काठावरून कॉम्प्रेसरनं हवा भरली की कोर्स वर येतो, हवा सोडली की खाली जातो. स्कीचा तास संपला की तळं पुन्हा रिकामं आणि शेजारी खूश.

उपग्रहाला पाण्यातलं काही कळत नाही

जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. त्यांचा मुख्य नागरी संदेश १५७५.४२ मेगाहर्ट्झवर येतो. तो २०,००० किलोमीटर बिनबोभाट पार करतो आणि गोड्या पाण्यात काही सेंटिमीटर जाताच संपतो. खाऱ्या पाण्यात तर आणखी लवकर. त्यामुळे बोयाला जीपीएस बांधून बुडवण्यात अर्थ नाही. बोया वर असताना त्याच्या डोक्यावर बोट आणून जागा टिपून ठेवायची, एवढंच हाती असतं. पाणबुड्यालाही खाली जीपीएस हवं असेल, तर अँटेना वर तरंगत्या फळीवर ठेवून ती मागे ओढत न्यावी लागते.

दशांशानंतरची घरं

जागा अंशांत लिहिली, तर दशांश चिन्हानंतर किती आकडे घ्यायचे? उत्तर-दक्षिण दिशेत चौथा आकडा म्हणजे सुमारे ११ मीटरची पायरी. पाचवा म्हणजे १.१ मीटर. सहावा म्हणजे ११ सेंटिमीटर. बोयासाठी चार आकडे लिहिलेत तर वळणाचा बोया शोधताना तुम्ही बोटीच्या वाटेजवळही पोहोचू शकता. उलट, फोननं दहा आकडे दाखवले म्हणून हुरळूनही जायचं नाही. दहाव्या आकड्याची पायरी केसाच्या जाडीपेक्षाही लहान असते आणि तेवढं कोणत्याच फोनला कळत नाही.

मिनिटांचा घोळ, २२ किलोमीटरचा

बोटीवरची यंत्रं बऱ्याचदा अंश आणि मिनिटं दाखवतात, फोन मात्र दशांशातले अंश. ४४.३० अंश आणि ४४ अंश ३० मिनिटं एकच वाटतात ना? अजिबात नाहीत. ४४.३० अंश म्हणजे ४४ अंश १८ मिनिटं. फरक १२ मिनिटांचा. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, १८५२ मीटर. हिशेब करा: घोळ २२ किलोमीटरचा! कोर्स या तळ्यात, आपण पलीकडच्या तालुक्यात.

एका रात्रीत सुधारलेली नजर

२००० सालच्या एप्रिलपर्यंत हा सगळा उद्योग जवळपास व्यर्थ होता. अमेरिकी लष्कर नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम चूक मिसळत असे. ती १०० मीटरपर्यंत जायची. १०० मीटर म्हणजे कोर्सच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त! १ मे २००० रोजी राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी ही भेसळ बंद करण्याची घोषणा केली आणि त्या मध्यरात्री जगभरची यंत्रं एकदम शहाणी झाली. त्याचा पहिला फायदा कुणी घेतला? ३ मे रोजी ऑरेगन राज्यात डेव्ह अल्मर यांनी जंगलात एक बादली लपवली, तिची जागा जाहीर केली आणि म्हणाले, शोधा. जिओकॅशिंग हा जगभर पसरलेला खेळ तिथून सुरू झाला.

आजचा फोन किती चुकतो?

अमेरिकी सरकारच्या माहितीनुसार मोकळ्या आकाशाखाली स्मार्टफोन साधारण ४.९ मीटरच्या त्रिज्येत अचूक असतो. ऐकायला छान. पण स्कीचं दार आहे २.५ मीटरचं. म्हणजे फोन सांगेल, 'दार इथेच आहे', आणि तुम्ही दाराच्या बाहेर उभे असाल. काठावर उंच झाडी असेल तर संदेश अडतो, कधी पाण्यावरून उसळी मारून येतो आणि चूक वाढते. म्हणून बोटीत झटक्यात एकदा बटण दाबून मोकळं होऊ नये. बोयापाशी काही मिनिटं थांबून सरासरी घ्यावी. अनेक यंत्रांत याची सोयच असते.

आइन्स्टाइनशिवाय बोया सापडत नाही

जीपीएस म्हणजे मुळात घड्याळ. संदेशाला यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर काढायचं. प्रकाश एका नॅनोसेकंदात ३० सेंटिमीटर जातो, तेव्हा घड्याळ जरा चुकलं की जागा चुकलीच. त्यात उपग्रह वेगानं फिरतो म्हणून त्याचं घड्याळ मागे पडतं आणि उंचावर गुरुत्वाकर्षण कमी म्हणून पुढे पळतं. सगळी वजाबाकी करून ते दिवसाला ३८ मायक्रोसेकंद पुढे जातं. सापेक्षतावादाचं हे गणित यंत्रणेत आधीच धरलेलं नसतं, तर जागेची चूक रोज सुमारे १० किलोमीटरनं वाढली असती. तळ्यात गोता मारणाऱ्यानं आइन्स्टाइनला एकदा नमस्कार करायला हरकत नाही.

चूक असू दे, सारखी असू दे

ही खास युक्ती. जीपीएसची बरीचशी चूक वातावरणातून येते आणि एकाच वेळी, एकाच तळ्यावर ती सगळ्या बिंदूंना जवळपास सारखीच लागते. काठावर नेमकी जागा ठाऊक असलेला एक दगड घ्या. तिथे यंत्र किती चुकतंय ते बघा आणि तेवढं तळ्यातल्या आकड्यांतून वजा करा. याच कल्पनेचा सुधारलेला अवतार म्हणजे आरटीके. काठावर एक स्थिर यंत्र, बोटीत दुसरं, आणि दोघांचं सतत संभाषण. अचूकता एक-दोन सेंटिमीटर! रस्ते आखणारे आणि जमीन मोजणारे तेच वापरतात. हौशी क्लबला खर्च परवडला, तर सगळा कोर्स त्यानं नव्यानं बसवता येतो.

सव्वीस कशाला, दोन पुरे

बोये २६ असले तरी कोर्सचा आकार ठरलेला आहे. मधल्या रेषेची दोन टोकं सापडली की बाकी सगळं मोजपट्टीनं काढता येतं. म्हणून थंडीपूर्वी निदान दोन टोकं जपून टिपावीत. एका टोकाला तीन मीटर आडवी चूक झाली, तरी २५९ मीटरच्या रेषेत ती जेमतेम दोन तृतीयांश अंशाचा कोन होते.

बिंदू सोडा, रेघ पकडा

अनुभवी लोक बोया शोधतच नाहीत. ते मधला लांब दोर शोधतात. पाण्याखालचा एक गोळा चुकवणं सोपं, पण अडीचशे मीटरची रेघ आडवी ओलांडताना चुकवणं अवघड. जीपीएस दाखवतं तिथे रेषेला काटकोनात बोट हळू न्यायची आणि मागे आकडेदार नांगर तळाला घासत ठेवायचा. विहिरीत पडलेली कळशी गळ फिरवून काढतात, अगदी तसंच. आकडा अडकला की दोर वर खेचायचा आणि त्याला धरून एकेका हातापर्यंत जायचं. मात्र ओढताना जोर लावला तर नळ्या मोडतात, म्हणून इंजिन जवळपास बंदच ठेवतात.

पाणबुड्याचं गणित

दोर नसेल, सुटे गोळे असतील तर पाण्यात उतरावंच लागतं. जीपीएसच्या जागेवर वजन बांधलेली खूण सोडायची, तिला पाच मीटर दोरी बांधायची आणि दोरी ताणून गोल पोहायचं. वर्तुळाचं क्षेत्रफळ साधारण ७८ चौरस मीटर. समजा तळं ४० हेक्टरचं आहे, म्हणजे चार लाख चौरस मीटर. जीपीएस नसतं तर शोधायचा भाग ५,००० पटींनी मोठा असता. गढूळ पाण्यात मुखवट्यातून हातभर पुढचंही दिसत नाही. तिथे ताणलेली दोरी कशाला तरी अडते, तीच पहिली बातमी.

सोनारच्या पडद्यावर 'मासा'

मासे शोधायचं सोनार यंत्र पाण्यात आवाज सोडतं आणि प्रतिध्वनी ऐकतं. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १,४८० मीटर जातो, हवेतल्यापेक्षा चौपटीहून जास्त. पण पाणी आणि हवा यांच्या सीमेवर तो जवळजवळ सगळा परत फिरतो. म्हणूनच सोनारला माशाचं मांस फारसं दिसत नाही, दिसते ती त्याच्या पोटातली हवेची पिशवी. हवा भरलेला बुडालेला गोळा तर त्याहून ठळक दिसतो. जिथे जिथे ४१ मीटरच्या अंतरानं शिस्तीत उभे राहिलेले 'मासे' दिसतील, तिथे गळ टाकू नका. तो कोर्स आहे.

बॉम्ब सापडला तो मच्छीमारामुळे

उपग्रहांच्या आधी लोक काय करत? काठावरच्या दोन खुणा एका रेषेत धरत: पुढचं झाड आणि मागची टेकडी. दुसऱ्या दिशेला आणखी अशीच एक जोडी. दोन रेषा जिथे छेदतात ती जागा. नजरेनं जागा टिपण्याचा एक किस्सा बघा: १७ जानेवारी १९६६ रोजी स्पेनच्या पालोमारेस गावावर अमेरिकी बॉम्बफेकी विमान आणि इंधन भरणारं विमान एकमेकांवर आदळलं. चार हायड्रोजन बॉम्ब खाली आले. तीन जमिनीवर सापडले, चौथा समुद्रात. तो पॅराशूटनं पडताना पाहिला होता फ्रान्सिस्को सिमो ओर्त्स या मच्छीमारानं आणि जागा त्याच्या नेमकी लक्षात होती. आल्विन या छोट्या पाणबुडीला मार्चमध्ये बॉम्ब दिसला. उचलताना दोर तुटला, बॉम्ब पुन्हा हरवला, पुन्हा सापडला आणि ७ एप्रिलला सुमारे ८७० मीटर खोलीवरून वर आला. सिमोला लोक पुढे 'बॉम्बवाला पाको' म्हणूनच ओळखू लागले.

पाणी उतरलं की बोया पळतो

कधी जीपीएस बरोबर असतं आणि बोयाच जागेवर नसतो. बोया चार मीटर दोरीनं तळाशी बांधला आहे आणि पाणी चार मीटर खोल आहे, तर तो नांगराच्या बरोबर वर. उन्हाळ्यात पाणी एक मीटरनं उतरलं तर? दोरी सैल पडते आणि वारा बोयाला २.६ मीटरपर्यंत बाजूला नेऊ शकतो. पायथागोरसनं सांगितलेलंच गणित आहे. पाण्याखाली गोळा ठेवून वर ताणणारी रबरी दोरी लावतात ती यासाठी. म्हणून जागा टिपताना त्या दिवशीची पाण्याची पातळीही लिहून ठेवावी.

ऑस्ट्रेलिया सरकतो आहे

ऑस्ट्रेलियात वॉटर स्कीचं वेड मोठं. मेलबर्नच्या यारा नदीवर मूंबा उत्सवात जगातले नामी खेळाडू येतात आणि मरे नदीवर ८० किलोमीटरची सदर्न एटी शर्यत होते. या देशाची जमीनच मात्र वर्षाला सुमारे ७ सेंटिमीटर ईशान्येकडे सरकते. १९९४ च्या सरकारी मोजणीचे आकडे २०२० पर्यंत तब्बल १.८ मीटरनं मागे पडले आणि सगळ्या देशाचे नकाशे नव्या पायावर आणावे लागले. भारताचा भूखंडही वर्षाला पाचेक सेंटिमीटर सरकतो. एका हिवाळ्यापुरती चिंता नको, पण वीस वर्षांपूर्वीच्या वहीतल्या आकड्यांवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका.

बोटीलाही कोर्स पाठ असतो

पूर्वी कोर्समधल्या ठरावीक बोयांपाशी पाण्याखाली चुंबक लावत. बोट वरून गेली की तिच्यातलं यंत्र चुंबक ओळखून वेळ मोजायचं. आता स्पर्धेच्या बोटींत झिरो ऑफसारखी जीपीएसवर चालणारी वेगनियंत्रणं असतात. चालक एकदा दारं नोंदवतो आणि पुढे बोट तो कोर्स ओळखते. स्कीपटूनं हिसका दिला की इंजिन किती जोरात आणि किती पटकन उत्तर देईल, हेही खेळाडू आपल्या आवडीनं निवडतो. साधा फोन इथे चालत नाही. तो सेकंदातून एकदाच जागा बदलून दाखवतो आणि तेवढ्यात बोट १६ मीटर पुढे गेलेली असते.

देवमाशांसाठी अदृश्य बोये

बोये पाण्याखाली ठेवून जीपीएसवर विसंबण्याची कल्पना आता समुद्रातही आली आहे. उत्तर अटलांटिक राइट व्हेल जातीचे ४०० पेक्षाही कमी देवमासे उरले आहेत आणि लॉब्स्टरच्या पिंजऱ्यांच्या उभ्या दोरांत अडकून ते मरतात. म्हणून अमेरिका आणि कॅनडाच्या किनाऱ्यांवर बिनदोरीचे पिंजरे वापरून पाहिले जात आहेत. पिंजरा तळाशी, जागा जीपीएसनं नकाशावर. बोट परत आली की ध्वनिसंदेश पाठवायचा. पिंजरा तो ऐकतो आणि स्वतःचा बोया वर सोडतो.

आपल्या किनाऱ्यावर

कोकणातले मच्छीमारही जाळं फाडणाऱ्या खडकांची ठिकाणं जीपीएसमध्ये जपून ठेवतात. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरमध्ये एक लाख मासेमारी बोटींवर ट्रान्स्पाँडर बसवण्याची देशव्यापी योजना सुरू झाली. हे ट्रान्स्पाँडर इस्रोचे आहेत आणि त्यांतून बोटीची जागा कळते, संकटात संदेशही पाठवता येतो. जीपीएसची चूक कमी करणारी गगन ही भारतीय यंत्रणा इस्रो आणि भारतीय विमानतळ प्राधिकरणानं मिळून विमानांसाठी उभारली. तिचे संदेश घेणाऱ्या यंत्राला त्याचा फायदा जमिनीवर आणि पाण्यावरही होतो.

जाता जाता

निकाल सोपा आहे. जीपीएस तळं लहान करतं. उरलेल्या पाच मीटरमध्ये आकडा, दोरी, सोनार आणि माणसाचा हातच कामाला येतो. तुमच्याकडे स्कीचं तळं नसेल, पण शेतात गाडलेली पाइपलाइन, मातीखाली गेलेला व्हॉल्व्ह किंवा गवतात हरवलेला हद्दीचा दगड नक्की असेल. आजच त्याची जागा टिपा. काही मिनिटं थांबून सरासरी घ्या, दशांशानंतर सहा आकडे लिहा, आकडे अंशांत आहेत की मिनिटांत ते बाजूला नोंदवा. आणि जवळच्या न हलणाऱ्या दोन खुणांपासूनचं अंतर टेपनं मोजून वहीत उतरवा. फोन बदलतो, बिघडतो, हरवतो. वही घरातच राहते.